अर्धा स्पंज

आई,

भांडी घासायचा नवा स्पंज मी अर्धा कापलाय. ओरडण्याआधी आतल्या खोलीत जा.

पलंगावर तुझी बेस गिटार आहे. माझ्या वेळी पोट आडवं येतं म्हणून विकलीस (असं तूच सांगतेस), तीच, शोधून परत आणलीय. दुरुस्तीवाल्याने तिची वाकलेली मान सरळ केली, तारा बदलल्या, पण तारांखालचा तुझा जुना स्पंज कचरा समजून फेकला. मग आवाज नुसता घुमत बसला. तुझ्या वाजवण्याच्या जुन्या कॅसेटवर कसा एकेक सूर वाजून जागच्या जागी थांबतो! म्हणून नवा कापून बसवला. तुझ्या अंगठ्याने झिजलेल्या जागेला मात्र मी दुरुस्तीवाल्याला हात लावू दिला नाही.

कामावर चाललेय. तू आधी वाजव. भांडी राहू देत, उरलेल्या अर्ध्याने मी आल्यावर घासते.