चारही कोपरे शाबूत

प्रिय खारूताई,

या पानाचा कोपरा उंदराने खाल्लेला नाही. तो अप्पांनी फाडला आहे, आणि पुढच्या पानांचंही तसंच आहे. कारण तुला सांगायला नको. नापास प्रिंट चुकूनही गिऱ्हाइकाच्या हाती जाऊ नये म्हणून स्टुडिओत अप्पा त्याचा कोपरा फाडत, हे तू माझ्याआधी शिकलीस. पान उलटून फोटो बघायचा मोह मात्र जरा आवर. असे चाळीस नापास कागद माझ्याकडे साठलेत. त्यांच्या पाठीला शाई धरणारा लेप नसल्यामुळे पेन झकास चालतं, शिवाय तुझी वहिनी म्हणते, यातला एक जरी रद्दीत गेला तर तिच्या डोळ्यांत पाणी येईल. भावनेने नव्हे, किमतीने.

मागच्या पत्रात तू एकच प्रश्न विचारला होतास, अप्पा आपणहून माझं नाव घेतात का. घेत असतील तर येते, नाहीतर बोलावू नकोस. उत्तरादाखल मी हवापाण्यावर चार पानं लिहिली. जन्मभर पोरांना संस्कृत शिकवल्याचा एवढा फायदा होतो, काही न सांगता पुष्कळ बोलता येतं. आता सरळ सांगतो. अप्पा आजारी असताना तू यंत्रं विकलीस आणि स्टुडिओची किल्ली जागेच्या मालकाला दिलीस, त्या दिवसापासून या घरात तुझं नाव निघालं नव्हतं. दुसरा इलाज नव्हता हे त्यांनाही कळत असणार. पण कळलेलं कबूल करण्याच्या बाबतीत आपले तीर्थरूप किती संथ आहेत, ते तू जाणतेसच.

ते दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या भिंतीकडे बघत. म्हणून मी स्वस्तातला एक प्रिंटर आणला आणि मला काही जमत नाही असं जाहीर केलं. यात अभिनय करावा लागला नाही. शाई आणि कागद पारखायचे तर दर वेळी फोटो तोच हवा, हे शास्त्र मी कुठेतरी वाचलं होतं. तो कुठला घ्यायचा हे माझ्यावर होतं. मी तुझा घेतला, स्टुडिओ बंद केलास त्या दिवशीचा, मांडीवर पास प्रिंटांचे क्रमांक नोंदायची वही घेऊन पायरीवर बसलेली. त्यात त्वचा आहे, वहीचा पांढरा आहे, दाराचा काळा आहे, प्रयोगाला आदर्श, असं मी अप्पांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं मी गेली तीस वर्षं वर्गात कुणाकडे पाहू शकलेलो नाही. पण फोटो परत केला नाही.

पहिले सहा प्रिंट मी कागदाच्या उलट्या बाजूवर काढले. शाई वाळेना, तुझं नाक ओघळून हनुवटीला भेटलं. अप्पांनी बोट ओठाला लावून ओलं केलं आणि नव्या कागदाच्या टोकावर टेकवलं. जी बाजू बोटाला चिकटते ती लेपाची. मग मी शाईवाल्याकडे खेपा घालू लागलो. हा गृहस्थ दुकानात चहा आणि शाई एकाच टेबलावर ठेवतो आणि अजून जिवंत आहे. त्याने समजावलं की एक शाई पाण्यात विरघळलेली, ती दिसते भडक पण उन्हात उडते. दुसरीत रंगाची बारीक पूड असते, ती टिकते, पण चकचकीत कागदावर नीट बसत नाही, तिला बिनचमकीचा कागद लागतो. मी सगळ्या कागदांचे लहान पुडे आणले, एका कागदात चार प्रिंट बसवले, आणि दोन महिने खिडकीच्या काचेवर पट्ट्या चिकटवून ठेवल्या, अर्धी पट्टी पुठ्ठ्याखाली, अर्धी उन्हात. वहिनीने पडदे लावणं सोडून दिलं. शेवटी भडक शाईची उघडी बाजू फिकटली. पूडवाली शाई, तीही सगळ्यांत स्वस्त बिनचमकीच्या कागदावर, जशीच्या तशी राहिली. मी विजयी मुद्रेने प्रिंट पुढे केला. अप्पा म्हणाले, ''पिवळं आहे.'' टर्रकन कोपरा.

त्यानंतर पंधरा-वीस वेळा तेच. मी पिवळी शाई कमी केली, तू निळसर पडून आजारी दिसू लागलीस, तरी ''पिवळं.'' माझी खात्री झाली की त्यांना प्रिंट नव्हे, तूच नापास करायची आहेस. खोटं कशाला सांगू, मी प्रिंटर विकायला काढला होता. तेवढ्यात एका सकाळी घाईत माझ्या हातून नव्या पुड्यातला कोरा कागद त्यांच्यापुढे गेला. त्यांनी तो उजेडात धरला, निरखला, ''अजून पिवळंच,'' म्हणाले आणि कोपरा फाडला. वहिनी आधी हसली आणि मग तिने तोच कागद उजेडात धरला, तो पांढराशुभ्र होता. दुपारी आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. बाई म्हणाल्या, आजोबा जगाकडे चहाच्या रंगाच्या काचेतून बघताहेत, आणि किती वर्षं ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

उजव्या डोळ्याचं काम मागच्या आठवड्यात झालं. सुखरूप. तुला आधी कळवलं नाही याबद्दल मागाहून रागाव, मला चालेल. पट्टी निघाल्यावर त्यांनी आधी माझं डोकं पाहिलं आणि हा एवढा पांढरा कधी झाला म्हणून वहिनीला विचारलं. मग म्हणाले, ''तो गठ्ठा आण.'' खिडकीशी बसून त्यांनी चाळीसच्या चाळीस नापास प्रिंट एकेक करून पाहिले. मी वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होतो. बऱ्याच वेळाने त्यांनी एक प्रिंट वर काढला, तोच, स्वस्त कागदावरचा पहिला. फाटलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, ''हा बरोबर होता. मीच फाडला.'' आणि तो खिडकीच्या उजेडात धरून, ''खारूचा रंग असाच आहे.''

तर तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर. पाकिटात पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये त्याच कागदावर, त्याच शाईने काढलेला नवा प्रिंट आहे, पुरता एक दिवस वाळवलेला. त्याचे चारही कोपरे शाबूत आहेत. पाठीवर पेन्सिलीने आकडा आहे, अक्षर अप्पांचं. स्टुडिओच्या शेवटच्या दिवशी तू वहीत ४१,३१६ लिहून खाली रेघ मारली होतीस. त्यांनी ४१,३१७ लिहिलं आहे. आकडा मी त्यांना सांगितला नव्हता, मला माहीतच नव्हता; तुझी ती शेवटची नोंद त्यांना पाठ होती, मला त्यांच्याकडूनच कळली. डाव्या डोळ्याचं काम पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला आहे. ती वही तुझ्याकडे आहे ना? घेऊन ये. नोंद तुझ्याच अक्षरात व्हायला हवी असं ते म्हणतात, आणि माझं अक्षर त्यांनी या डोळ्यानेही नापास केलं आहे.

तुझाच, कोपरा फाटलेला,
दादा