पेढे न मिळणारा वॉर्ड

घोडपदेव, ३ नोव्हेंबर २०२५

चि. मनवास,
मालनआत्याचे आशीर्वाद, वि. वि. हॉस्टेलने तुमचे फोन काढून घेतले हे ऐकून जीव गार झाला. आता लिही हाताने, झिजत नाही तो.

तुझा बाबा सांगत होता, नर्सिंगचं वॉर्डातलं ट्रेनिंग लागायच्या आधी सगळे विभाग नुसते बघत फिरायचे आणि आवडेल तो लिहून द्यायचा. वा! मी तेवीस वर्षं आया होते, मला कोणी विचारलं नाही, मालन, बेडपॅन आवडतं का?

तरी ऐक. बाळंतिणींचा वॉर्ड घे. अख्ख्या हॉस्पिटलात पेढे तिथेच मिळतात. ऑपरेशन थिएटरही बरं, पेशंट झोपलेला, अक्कल शिकवत नाही. लहान मुलांचा नको. पोरं गप्प होतात, त्यांच्या आज्या होत नाहीत.

आमचा दीपक मजेत. नाईट शिफ्ट, म्हणून दिवसा पोटमाळ्यावर झोपतो.

लोभ आहेच, तू उत्तराचं बघ.
मालनआत्या


हॉस्टेल, परळ, ९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
मनवाचा सा. न. वि. वि. घोडपदेवहून परळला पत्र चार दिवसांनी आलं. तू चालत आली असतीस तर अर्ध्या तासात ओरडून गेली असतीस.

मी मानसोपचार लिहून दिलं. तिथे पेढे नाहीत, भेटायलाही फार कोणी येत नाही. एक मुलगा आहे. कानात आवाज येतात म्हणून घरातच बसून होता. इथे आणल्यावर सिस्टर रोज नुसती त्याच्याशेजारी बसायची. आता तो कँटीनला चहाला जातो.

आत्या, गणपतीत मी ताट घेऊन वर गेले, तेव्हा दीपकदादा भिंतीशी भांडत होता. शिफ्टबिफ्ट काही नाही, मला कळलंय. गुरुवारी ओपीडी असते. नेऊया का?

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
मनवा


घोडपदेव, १५ नोव्हेंबर

चि. मनवास,
आशीर्वाद, नाइलाजाने. वर ताट न्यायला तुला सांगितलं कोणी? चोंबडेपणाचा वेगळा पेपर असतो वाटतं तुमच्यात.

पत्र फाडणार होते. पण मला मनात वाचता येत नाही, मोठ्यानेच वाचलं. वरून दीपक म्हणाला, तो मुलगा चहाला एकटा जातो की कोणी सोबत असतं? दोन वर्षांत त्याने मला काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगते. तर सांग.

बुधवारी रात्रीच मुक्कामाला ये, गुरुवारची सुट्टी काढ. साध्या कपड्यांत ये असं लिहिणार होते, चाळीला डोळे फार. नको. युनिफॉर्मच घाल. कोणी विचारलं तर सांगेन, माझ्या दीपकला न्यायला आलीय.

तुझीच,
मालनआत्या