चार जागांचं भाडं

२ एप्रिल

सुटले एकदाची! सरकारने हात काढून घेतला. आजपासून ज्याला वाटेल त्याने, वाटेल तिथे विमान उडवावं आणि वाटेल ते भाडं लावावं. ऑफिसात सगळे सुतकी चेहरे करून बसलेले. मोठे साहेब म्हणाले, "बाई, आता आपलं कसं व्हायचं?" तुमचं काय व्हायचं ते होवो, म्हटलं मनात. माझं आत्ता कुठे सुरू होतंय.

वीस वर्षं मी भाडेविभागात. विभाग आपला नावाला. भाडं सरकार ठरवायचं आणि मी तक्ता टाइप करून भिंतीला चिकटवायचे. त्या तक्त्यात एक आकडा माझा असेल तर शपथ!

११ एप्रिल

मुंगीला पंख फुटले. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने आमच्या कंपनीचा राजीनामा दिला. चांगला पायलट होता, मानाची नोकरी होती, पण नाही! स्वतःची विमान कंपनी काढतोय. दोन लहान विमानं, तीही कुणाची तरी वापरून टाकलेली, भाड्याने घेतलेली. आमच्या गावाहून या शहराला सकाळी एक फेरी, दुपारी एक. या मार्गावर आजवर फक्त आम्ही.

संध्याकाळी पायलटरावांचा फोन. (मी पायलटरावच म्हणते, तोंडावरसुद्धा. त्याला तो मान वाटतो.) "ताई, तुमची कंपनी गावच्या लोकांना लुटते. अर्ध्या भाड्यात नेऊन दाखवतो की नाही बघा." आणि वर, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. तुम्ही थोडंच भाडं ठरवता? तुम्ही तर टाइप करता!"

मागून धाकटी खिदळली. ऐकू आलं मला.

१२ एप्रिल

तुम्ही तर टाइप करता. तुम्ही तर टाइप करता.

२० मे

उडाली बाई त्यांची विमानं. धाकटीने शाळेतली कायमची नोकरी सोडून दिली — चित्रकला शिकवायची — आणि विमानतळावर तिकिटांच्या खिडकीत बसली. आई त्यांच्याकडेच असते. तिचा फोन : "दोघं राब राब राबतात गं. धाकटी दहा वेळा पोळीचा घास हातात घेते नि खाली ठेवते. तू मोठी आहेस, लक्ष असू दे."

लक्ष आहे. फार आहे.

२८ मे

आमच्या विमानात गरम जेवण, काचेच्या ताटल्या, कापडी रुमाल, वर्तमानपत्र. त्यांच्यात पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा. लोक कुठे गेले? बिस्किटांकडे! वीस वर्षं आमचे रुमाल खिशात घालून नेले या लोकांनी. अर्ध्या भाड्याची पाटी दिसली आणि ओळख विसरले. आज सकाळी आमच्या विमानात माणसांपेक्षा ताटल्या जास्त होत्या.

५ जून

बैठक. मोठ्या शहरांच्या मार्गांवर आता पाच-पाच कंपन्या. एकाने भाडं उतरवलं की बाकीच्यांनी उतरवायचं. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ — आणि तिसरा म्हणजे खिडकीजवळची जागा मागणारा! ज्या मार्गांच्या कमाईवर कंपनी उभी होती तेच खड्ड्यात. साहेब म्हणाले, "आपण जिथे एकटे आहोत तिथूनच भरून काढावं लागेल. बाई, तुमच्या गावच्या मार्गावर तेवढा एक डास आहे. मारा."

मी विचारलं, "भाडं मी ठरवू?"

"तुम्हीच."

तुम्हीच! दोनदा ऐकलं असतं तरी चाललं असतं.

९ जून

जेवण बंद. ताटल्या भंगारात. स्वयंपाकखात्यातला म्हातारा आचारी माझ्या टेबलाशी येऊन रडला. "बाई, तुम्ही साहेबांना सांगा. तुमचं ऐकतात." मी म्हटलं, लोकांना बिस्किटं आवडतात, मी काय करू? तो उभाच राहिला. मग मी फोन उचलून कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं.

१४ जून

आमची सकाळची फेरी त्यांच्या दहा मिनिटं आधी आणून ठेवली. भाडं त्यांच्याएवढं. त्यांनी उतरवलं. मी उतरवलं.

धाकटीला फोन करून मुद्दाम सांगितलं — आता या मार्गाचं भाडं मी ठरवते. ती म्हणते, "अय्या, खरंच? बरं झालं बाई!" टोमणे मारायला शिकली.

२ जुलै

गंमत सापडली. सगळ्या कंपन्यांची भाडी संगणकावर सगळ्यांना दिसतात. मी संध्याकाळी पाचला माझा आकडा टाकते. पंधरा मिनिटांत पायलटरावांचा आकडा येतो. माझ्याएवढाच. ना एक जास्त, ना एक कमी. रोज!

आज परीक्षा घेतली. गोल आकडा न टाकता मुद्दाम वेडावाकडा टाकला — नऊशे सदतीस. सव्वापाचला त्यांचा आकडा? नऊशे सदतीस! डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. विमान उडवणं म्हणजे धंदा करणं नव्हे, पायलटराव. पुढच्या पोराच्या पाटीत बघून गणित उतरवणारे तुम्ही, आणि मी म्हणे टाइप करते!

३ जुलै

झालं. इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

संगणकावर भाडं दिसतं. त्या भाड्याच्या जागा किती, ते ज्याचं त्याला माहीत. मी आजपासून भाडं ठेवलंय सातशे. सातशेत विमानाच्या इंधनाचेही पैसे निघत नाहीत. पण सातशेच्या जागा फक्त चार! त्या चार विकल्या की पुढच्या सगळ्या तीन हजारांच्या वर. ज्यांना ऑफिसच्या खर्चाने जायचं असतं ते मुकाट्याने घेतात.

पायलटरावांना एवढंच दिसणार — सातशे. ते अख्खं विमान सातशेला विकणार.

शेजारच्या टेबलावरच्या दाढीवाल्याने माझा पडदा बघितला. जुना माणूस, त्याला लगेच कळलं. हळूच म्हणाला, "बाई, हे तुमच्या घरचंच माणूस ना?" म्हटलं, "म्हणून तर कुठे मारायचं ते माहितेय."

सव्वापाचला आला. सातशे.

१० जुलै

सातशे.

१७ जुलै

धाकटीचा फोन. आनंदाने दम लागलेला. "ताई, विमानं खचाखच! उभं राहायला परवानगी असती तर लोक उभे राहिले असते गं! लोक आमची खिडकी बंदच करू देत नाहीत." मी म्हटलं, वा, छान, असंच चालू दे. भरलेलं विमान घेऊन बुडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. आमच्या चार संपल्या की उरलेले सगळे त्यांच्याकडे धावतात. जेवढी गर्दी, तेवढा खड्डा!

छान झोप लागते हल्ली.

४ ऑगस्ट

त्यांनी बिस्किटं बंद केली. मग सामान चढवणारे काढले. आई सांगत होती, धाकटीच पेट्या ढकलते आता, आणि कंबर धरून बसते. "तिला म्हटलं सोड, तर म्हणते, विमानं भरतायत आई, आज ना उद्या निघेलच." आई विचारते, "विमानं भरतात तर पैसे कुठे जातात गं?" मी म्हटलं, धंद्यात असं होतं.

भाडं सहाशे केलं. जागा चारच.

२२ ऑगस्ट

एक विमान मालकाने परत नेलं. पायलटराव दिवसभर विमान उडवतात आणि रात्री पाना घेऊन त्याच्याच पोटात शिरतात म्हणे. लुटारूंना धडा शिकवणार होते. शिकवा!

१३ सप्टेंबर

मेला डास.

आज त्यांची खिडकी बंद झाली. धाकटीने फोनवर एवढंच सांगितलं, "संपलं ताई." मला वाटलं होतं रडेल, बोलेल, शिव्या घालेल. मी वाट बघत होते. तिने आईचं औषध या शहरात मिळतं का ते विचारलं आणि फोन ठेवला.

पेढे नाही, पण केक आणला ऑफिसात. दाढीवाल्याने घेतला नाही. त्याचा तुकडा मी खाल्ला.

१५ सप्टेंबर

भाडं पाच हजार दोनशे. सरकारच्या काळात होतं त्याच्या दुप्पट. पाचला टाकलं आणि सव्वापाचपर्यंत पडद्याकडे बघत बसले. सवय! कुणीच आलं नाही.

६ ऑक्टोबर

बढती. खिडकीची खोली. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "बाईंच्या डोक्याला तोड नाही." गावाहून तक्रारींचा पाऊस. एका व्यापाऱ्याने लिहिलंय, "पूर्वी सरकार लुटायचं, पण निदान जेवू घालून लुटायचं." माणूस विनोदी आहे. उत्तर पाठवायची गरज नाही. जाणार कुठे?

३ डिसेंबर

एवढ्या भाड्याला गावचे लोक येईनात. तेव्हा साहेबांनी फेऱ्या कमी केल्या — रोजच्या दोन होत्या, आता आठवड्यात तीन. विमान सगळ्यात जुनं. खुर्चीची पाठ मागे जात नाही, खिडकीतून वारा येतो. शिवाय पाण्याचे पैसे वेगळे. नव्या वर्षात मार्गच बंद करायचा विचार आहे. मी मान डोलावली. मार्ग गेला तरी खोली राहील.

१९ जानेवारी

धाकटी आली. बसने, रात्रभर बसून. पाय सुजलेले. इथल्या एका शाळेत सोमवारी मुलाखत आहे. तिची जुनी जागा केव्हाच भरली. पायलटराव परदेशात कुणाची तरी शेतांवर औषध फवारणारी विमानं उडवतात. अंगठी विकली वाटतं, बोटावर नुसता वळ दिसतो. सगळा वेळ माझ्या घरातल्या पडद्यांचं कौतुक करत होती. तोंडातून एक वाकडा शब्द नाही! मला म्हणते, "तू किती वाळलीस गं."

नाटकं. उद्या बोलतं करते तिला.

२० जानेवारी

सकाळी तिने चहा केला. मी सरळ विचारलं — पायलटराव रोज माझा आकडा बघून तोच का लावायचे? "ते कुठे गं?" ती म्हणाली. "ते तेव्हा विमानात असायचे. भाडं मीच लावायचे. मला मेलीला त्यातलं काय कळतंय? पण तू म्हणालीस ना, आता मी ठरवते. मग सुटलेच मी. ताईने लावलंय म्हणजे परवडत असणार, म्हणायचे, आणि तेवढंच लावायचे. ह्यांनी दोनदा भांडण केलं माझ्याशी. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा माझा ताईवर विश्वास आहे." कप माझ्यासमोर ठेवला. आणि खरंच समजून घ्यायला विचारल्यासारखं विचारलं, "तुमचं कसं गं भागायचं तेवढ्यात?"

ऑफिसला उशीर होतोय, असं सांगून निघाले. आज रविवार आहे. तिलाही माहीत होतं.