घरातला दुसरा खांदा

प्रिय शहाण्या,

तू पाठवलेली भेट मिळाली. वाढदिवसाला बहिणीला पुस्तक न पाठवता अंग चोळून घ्यायला पाठवायचं, ही अक्कल तुझी की तुझ्या बायकोची? 'ताई, खांदा दुखतो म्हणतेस ना, तासभर मस्त पडून राहा, सगळं विसरशील.' त्या तासात अण्णांना कोण बघणार, ते मात्र बोलला नाहीस. शेजारीण बसली त्यांच्याजवळ. मी पडून राहिले. काही विसरले नाही. तुला तर अजिबात नाही.

मला वाटलं होतं, मंद दिवा असेल, हळू आवाजात संगीत. तिथे पांढरी ट्यूबलाइट, एक उंच पलंग आणि पैलवानासारखे दंड असलेली एक बाई. तिने आधी हात लावलाच नाही. चालायला लावलं, हात वर करायला लावला. उजवा कानापर्यंतही जाईना. कुठल्या कुशीवर झोपता, दुखणं सकाळी जास्त की संध्याकाळी, सगळं विचारलं. मग पालथं झोपवून खांद्याच्या फऱ्याखाली सावकाश अंगठा रोवला, आणि कळ उठली कुठे, तर करंगळीत. मी दात आवळले. 'काकू, इथे शौर्यपदक मिळत नाही. श्वास रोखावा लागला तर सांगायचं, मी दाब कमी करते.' जन्मभर मी वर्ग गप्प बसवले. मला गप्प बसवणारी ही पहिलीच.

पुढे तिने माझा हात उचलून धरला आणि म्हणाली, सैल सोडा. मी म्हटलं, सोडलाय. तिने आपला हात काढून घेतला, तर माझा हात खुंटीसारखा हवेत तसाच. ती हसली. मला हसू आलं नाही. त्या मेल्या हाताला दुसऱ्याच्या भरवशावर राहताच येत नव्हतं. अण्णांवर गेलेय मी, दुसरं काय.

मग मान आणि खांदा यांच्या मधोमध तिला दगडासारखी गाठ लागली. 'रोज इथे काय अडकवता?' मी म्हटलं, पर्स. अरे, तिथे अण्णांचा हात असतो. पलंगावरून उठताना, बाथरूमला जाताना, परत निजताना ते माझ्या गळ्यात हात टाकतात आणि मी त्यांना उचलते. परक्या बाईसमोर बापाला ओझं म्हणायला जीभ रेटेना. घरी येईपर्यंत मी तुझ्यावर धुमसत होते.

तिने बजावलं होतं, उद्या कोणी बदडून काढल्यासारखं वाटेल, घाबरू नका. परवा हलकं वाटेल. पण ही काही जादू नव्हे, थोडं थोडं सुटेल, आणि तोवर या खांद्यावर वजन नको, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. अंग तिच्या शब्दाबाहेर गेलं नाही. परवा केस विंचरायला हात डोक्यापर्यंत पोचला. पण वजन नको हे सांगू कोणाला? तुला फोन केला, तर तू मीटिंगमधून कुजबुजलास, 'माणूस ठेव ना.' माणसं ठेवून झाली, अण्णांनी सगळ्यांना हाकललं, हे तुला तेव्हाच कळवलं होतं. त्यांना घरचाच खांदा लागतो. घरात खांदे दोनच. दुसरा तुझ्या इस्त्रीच्या शर्टात आहे. शेवटचा खांदा द्यायला तू मिळेल त्या गाडीने धावत येशील, याबद्दल मला शंका नाही. आत्ताचं बोल.

हे पत्र आभाराचं नाही. काल सकाळी बाथरूमच्या दारात माझा हात मधेच लुळा पडला आणि अण्णा हातून सुटले. हाड मोडलेलं नाही, डॉक्टर बघून गेले. पण फरशीवर बसल्या बसल्या माझ्याकडे बघून ते पहिलं काय म्हणाले, तर 'तुला लागलं का गं?' फोनवर हे मला बोलता आलं नसतं. रविवारी ये. रजा घेऊन ये, परतीचं तिकीट काढू नकोस. मी खुर्चीत बसून सांगेन, तू उचलायचं: कमरेत वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं, आणि त्यांचा हात आधी आपल्या मानेवर घ्यायचा. ते म्हणतील, 'सोड, माझा मी उठतो.' सोडू नकोस.

तुझीच, राग न गेलेली,
ताई