सहदेवच्या फोटोला हार

मुलुंड पूर्व,
ता. ७ जानेवारी २०२५

चि. सहदेव यास वहिनीचा आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक. तूही बरा असशील. अक्षराला हसू नको, चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं. तुझी पुतणी अक्षता आता बँकेत लागलीय, तिने लिहून दिलं असतं. पण तिला यातलं काही कळायला नको.

मुद्द्याचं सांगते. आपल्या नवतेज मंडळाला पन्नास वर्षं झाली. सेक्रेटरी आता केतन आहे, तू ज्याला कबड्डी शिकवायचास तो. त्याने ऑफिसात जुन्या खेळाडूंचे फोटो लावलेत, मानाची भिंत म्हणतात. १९ तारखेला, रविवारी कार्यक्रम आहे. नाव पुकारलं की खेळाडूने मातीत उतरायचं, मधली रेघ शिवून हात कपाळाला लावायचा, मग त्याला त्याच्या नंबरची नवी जर्सी. जो वारला असेल त्याच्यासाठी घरच्या माणसाने रेघ शिवायची. फोटोंचंही तसंच. जिवंत माणसाला नुसतं गंध, गेलेल्याला चंदनाचा हार.

तुझ्या दादाचा फोटो मस्त आलाय, केस होते तेव्हाचा. बाजूला तुझा. तो टीमच्या फोटोतून कापून मोठा केलाय, म्हणून तुझ्या खांद्यावर कोणाचा तरी हात तसाच राहिलाय, मनगटापर्यंत. हात तुझ्या दादाचाच. करंगळी वाकडी आहे ना, सरावाला तुझ्याच पकडीत मोडलेली.

तुझ्या फोटोला हार आहे, सहदेवा.

मी केतनला म्हटलं, हे काय रे? तो म्हणाला, "काकी, काकांनीच सांगितलं ना सहदेवकाका वारले. मीटिंगमध्ये आम्ही दोन मिनिटं उभे पण राहिलो." म्हणजे हे पण उभे राहिले असणार, मान खाली घालून.

मी घरी आले ती चप्पल न काढताच बोलले, "जिवंत भावाला मारलंत?"

हे टीव्हीतून मान न काढता म्हणाले, "आई गेली तेव्हा आला नाही. तेव्हाच त्याच्या नावाने आंघोळ केली मी."

"आंघोळ केलीत ती तुमच्या बाथरूममध्ये. मंडळात दवंडी कशाला पिटायची?"

मग आवाज खाली आला. म्हणाले, "सगळ्यांसमोर केतनने विचारलं, सहदेवकाका असतात कुठे? सख्खा भाऊ कुठे असतो ते माहीत नाही, असं कसं सांगू? तोंडातून निघून गेलं."

बघ म्हणजे. माहीत नाही म्हणायची लाज वाटली, मेला म्हणायची नाही वाटली.

आई गेली तेव्हा तू का आला नाहीस, ते तुझं तू जाण. मी पण तेव्हा तुला पोटभर शिव्या घातल्यात. तो विषय आज नाही.

मी ह्यांना म्हटलं, उठा, जाऊन सांगा चूक झाली म्हणून. तर म्हणाले, आधी त्याला फोन लाव. लावला. तुझा नंबर कोणी बाई उचलते, राँग नंबर म्हणते आणि ठेवते. मग गावच्या नंदाला लावला, ह्यांच्या चुलत बहिणीला. ती म्हणाली, सहदेव गणपतीला यायचा, पण गेली काही वर्षं कोणाला दिसलाच नाही.

तेव्हापासून हे नीट जेवत नाहीत. ताटावर बसतात, भात चिवडतात, उठतात. परवा म्हणाले, "सुगंधा, मी बोललो आणि ते खरं झालं असेल तर?" मी ओरडले, "तुमच्या जिभेत एवढी ताकद असती तर आपल्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट कधीच झालं असतं." एरवी हसले असते.

आणि रविवारी तुझ्या नावाने रेघ शिवायची आहे ती ह्यांनाच.

काल मी मंडळात गेले, स्टूल घेतलं आणि हार काढला. केतन धावत आला. "काकी, अहो काय करताय?"

"माझा दीर आहे. मेल्याचा कागद आहे का तुझ्याकडे?"

"नाही. मग जिवंत आहेत का?"

तो बिचारा साधंच विचारत होता. मी हार पिशवीत घातला आणि निघाले. आता तो घरात ठेववत नाही, टाकवत नाही.

हा वेंगुर्ल्याच्या बर्फाच्या कारखान्याचा पत्ता नंदाने दिला. तू तिथे कामाला होतास म्हणे. दुसरा पत्ता कोणाकडेच नाही.

यायचं नसेल तर येऊ नको. दादाशी जन्मभर बोलू नको. आलास आणि दोघं भांडलात तरी मी मध्ये पडणार नाही. पण आहेस, एवढं कळव. पाकिटावर माझा नंबर टाकलाय, नुसता मिस कॉल दे.

आणि हे पत्र दुसऱ्याच कोणी उघडलं असेल, तर त्याने खरं काय ते सांगावं. मला गोड करून सांगायची गरज नाही. फक्त आधी मला सांगा, ह्यांना नाही.

सहदेवची वहिनी,
सुगंधा