सासून लोकांचं बियाणं

तापीकाठ, तालुका शहादे
श्रावण शु. ५, शके १८५७

श्रीमान मोतीलालभाई यांना बन्सीलालचा रामराम. तुमची बहीण अनुसया, दोन्ही बैल आणि मी खुशाल आहोत. पुण्याचं पाणी तुम्हाला मानवतं ना? पाठवलेला गूळ पोचला ना? (मुंग्या निघाल्या तर त्या वाटेतल्या, घरच्या नव्हेत.)

वैशाखात तुमच्या पुण्याहून एक प्रोफेसर आले. माणसानं पहिलं शेत कुठे नांगरलं हे शोधायला त्यांना आमच्या गावामागची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचा ढिगारा, पसंत पडला. (तिथली माती आम्ही धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर, टाकतो, पाच हजार वर्षं डोक्यावर घेऊन राहतोय, हे कोणाला ठाऊक.) तीन दिवस ब्रशानं माती झाडून आठ खापऱ्या आणि एक दात निघाला, तोही बैलाचा. चौथ्या दिवशी मात्र अख्खं मडकं निघालं. तोंड शेणमातीनं लिंपलेलं, आत राख, राखेत ज्वारी. प्रोफेसर मटकन खाली बसले.

मडकं कोणाचं ते तुम्ही ओळखलंच असेल. तुमच्या आईंच्या हातची दादर ज्वारी. त्या गेल्यावर ते बी फक्त आमच्याकडे उरलं, आणि पांढरीत वाळवी लागत नाही म्हणून अनुसया ते दर फाल्गुनात तिथे पुरते. ती नेमकी अखाजीला, अक्षय तृतीयेच्या सणाला, माहेरी गेलेली. प्रोफेसरांनी विचारलं, हे कोणाचं? मी आपल्या अहिराणीत सरळ सांगितलं, "सासूनं शे," म्हणजे सासूचं आहे. त्यांनी वहीत लिहिलं: सासून. फार जुने लोक का? म्हटलं, "हा, भलती जुनी व्हती." झालं. 'सासून लोक, आद्य शेतकरी' असं वर्तमानपत्रात छापून आलं आणि मडकं पुण्याला काचेच्या कपाटात गेलं. शिकलेल्या माणसापुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

खड्डा मी बुजवून ठेवलाय, पण पोळा झाला की अनुसया कुदळ घेऊन निघेल. दुसरी दादर ती पेरू देणार नाही. आईची एवढीच वस्तू तिच्याकडे आहे. मला भाकर गोड लागत नाही.

आपला,
बन्सीलाल

ता. क. ओंजळभर बी तेवढं कपाटातून सोडवून पाठवा. मडकं राहू द्या त्यांना.

आणखी ता. क. खरं तर चूक मला तिथेच कळली होती. पण प्रोफेसर माझा फोटो काढत होते आणि मी नवा फेटा बांधला होता. हे अनुसयेला कळवू नका.

शेवटचा ता. क. तुमचा हक्क काय, असं प्रोफेसरांनी विचारलं तर बेधडक सांगा: सासून लोकांचे थोरले चिरंजीव तुम्हीच.