लाडवाचा शास्त्रशुद्ध पुरावा

डिलाईल रोड, मुंबई
मार्गशीर्ष वद्य पंचमी

तीर्थरूप अप्पामामा यांच्या चरणी (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता) शामचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तुमचा दमा, मामींचं पित्त आणि गोठ्यातली तांबू या तिघांचीही प्रकृती कळवावी. (मागच्या पत्रात फक्त तांबूची कळवली होती. ती व्याल्याचं वाचून आनंद झाला, पण सौ. कालिंदीचं म्हणणं पडलं की मामींबद्दलही एखादी ओळ असायला हरकत नव्हती.) पत्रास विशेष कारण नाही. खुशाली कळवावी आणि आमच्या चाळीत जे रामायण झालं ते तुमच्या कानावर घालावं, एवढाच हेतू. भाचा शेवटी काहीतरी मागणार, अशी शंका तुमच्या मनात आली असेल तर ती इथेच सोडून द्यावी.

झालं असं, की कॉटन ग्रीनच्या ज्या गोदामात मी कारकुनी करतो, त्याच्या मालकांचा वडिलांच्या नावाने एक ट्रस्ट आहे. ट्रस्टला पुण्य करायचं होतं, पण कोणतं ते ठरत नव्हतं. थोरल्या शेटना आमच्या नाक्यावर घड्याळाचा मनोरा बांधायचा होता. (जिथे गिरण्यांचे भोंगे मेलेल्यालाही वेळ सांगतात तिथे घड्याळ कशाला, हे मी विचारलं नाही. मालक आहेत.) धाकट्या शेटना वाटत होतं की चाळींतल्या मुलांना रोज एक नाचणीचा, शेंगदाण्याचा, गुळाचा लाडू द्यावा. मामा, मी अर्थातच लाडवाच्या बाजूचा. आमच्याकडे कित्येक घरांत आईबाप दोघंही गिरणीत जातात आणि पोरं सकाळच्या चहापावावर संध्याकाळ काढतात. पण नेमकी त्याच आठवड्यात दादरला एका प्राध्यापकांचं व्याख्यान ऐकायची मला दुर्बुद्धी झाली. ते म्हणाले, समाजाच्या भल्याची कामं मनाला वाटलं म्हणून करू नयेत. आधी पुरावा गोळा करावा. निम्म्या लोकांना ती गोष्ट द्यावी, निम्म्यांना देऊ नये, मग दोघांची तुलना करावी आणि मगच धोरण ठरवावं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मला ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी दोन्ही शेटसमोर उभा राहून मी तेच व्याख्यान जसंच्या तसं दिलं. भाऊ-भाऊ भांडून दमलेलेच होते. ते म्हणाले, शामराव, करा पुरावा. मुलांची वजनं लाडवाने वाढली तर रस्त्यावरच्या झाडून सगळ्या चाळींना लाडू, नाही वाढली तर मनोरा. (तुम्ही गप्प बसला असतात तर धाकट्यांनी थोरल्यांना आठवड्याभरात गुंडाळलं असतं, असं सौ. म्हणते. रोज म्हणते.)

आमच्या चाळीला दोन बाजू आहेत हे तुम्ही पाहिलं आहे. एक रस्त्याकडची, एक गिरणीकडची, मध्ये जिना आणि नळ. कुठल्या बाजूला लाडू द्यायचा हे मी ठरवलं तर पक्षपात झाला असता, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. गिरणीकडच्या राधाबाईंनी चिठ्ठी उचलली आणि लाडू रस्त्याकडे गेला. त्या म्हणाल्या, ही नुसती बघण्यापुरती होती, आता खरी उचलते. शास्त्रात बघण्यापुरती चिठ्ठी नसते, हे समजावता समजावता माझा रविवार गेला. त्यातून आम्ही राहतो रस्त्याकडच्या बाजूला, आणि लाडू वळायचं काम आमच्या स्वयंपाकघरात. तेव्हा माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल नळावर काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही.

वजनाचा काटा गोदामातला वापरला. तो कापसाच्या गाठींसाठी असल्यामुळे एकटं पोर ठेवलं तर जागचा हलायला तयार नाही. म्हणून गिरणीत मुकादम असलेल्या गुणाजी जॉबरने एकेक पोर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि मी गुणाजी वजा करायचा, असं ठरलं. गुणाजी फार उपयोगी माणूस, पण मधेच जाऊन मिसळ खाऊन आला, आणि त्यानंतर तोललेली सगळी पोरं आधीच्यांपेक्षा धष्टपुष्ट निघाली. ते निस्तरलं. पुढच्या खेपेपर्यंत सरकारने शेर-पौंड जाऊन किलोची वजनं आणली होती आणि आमच्या गोदामाने ती हौसेने घेतलीही होती. हे माझ्या ध्यानात यायच्या आत मी आकडे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सुंदराबाईंचा राजाराम आधी चाळीस भरला होता, तो आता अठरा भरला. ती बाई काट्याशेजारीच मटकन खाली बसली आणि लाडवाने पोर निम्मं झालं म्हणून तिने जो टाहो फोडला, तो ऐकून शेजारच्या गोदामातले हमाल धावत आले. तिला पौंड आणि किलो समजावायला मला संध्याकाळ झाली. अजूनही तिचा विश्वास पौंडावरच आहे.

पण खरा बखेडा राजकीय झाला. गिरणीकडच्या पोरांनी 'संयुक्त लाडू समिती' स्थापन केली. रोज शाळा सुटली की ताटल्या वाजवत गॅलरीतून मोर्चा, आणि घोषणा एकच, लाडवासह संयुक्त चाळ झालीच पाहिजे. पोरांचं सोडा, पण आमच्या चाळीतले नाना, जे चळवळीत लाठी खाऊन आले आहेत आणि ती कुठे बसली हे न विचारता दाखवतात, ते माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "शामराव, आम्ही तिकडे महाराष्ट्र जोडायला मार खातोय आणि तू इथे चाळीचं द्विभाषिक करतोस काय रे?" मी म्हटलं, नाना, हे शास्त्र आहे. ते म्हणाले, दिल्लीवालेपण हेच म्हणतात. त्या दिवसापासून संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला मला चाळीतून कोणी हाक मारली नाही. मी एकटाच शिवाजी पार्कला गेलो आणि एकट्यानेच घोषणा दिल्या. मामा, मला फार लागलं ते.

एवढं सोसून शेवटचं वजन केलं, तर दोन्ही बाजूंची पोरं सारखीच वाढलेली. अगदी सारखी. चेहरे तुकतुकीत, गाल वर आलेले, पण दोन्हीकडे. थोरल्या शेटनी ताबडतोब निष्कर्ष काढला की लाडू न खाता पोरं तेवढीच वाढतात, म्हणजे लाडवात काही नाही, आणि मनोऱ्याचं चित्र काढायला माणूस बोलावला. मला घरी यायला तोंड नव्हतं. आल्यावर गॅलरीत खुर्ची टाकून बसलो, आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाट्या दिसल्या. आमच्या घरातून एक वाटी निघाली, वरून कोशिंबीर, आत लाडू, ती जिना ओलांडून राधाबाईंकडे गेली. शेजारून एक निघाली, ती सुंदराबाईंकडे. (गिरणीकडच्या त्या बाईने काट्यापाशी लाडवाच्या नावाने टाहो का फोडला, ते तेव्हा उलगडलं.) थोड्या वेळाने त्याच वाट्या परत आल्या, एकीत सुकटीची चटणी, एकीत आंबोळी, कारण आलेली वाटी रिकामी परत करणारी बाई आमच्या चाळीत अजून जन्माला यायची आहे. इतके महिने रोज हे चाललं होतं. सौ.ने तर पहिल्या दिवसापासून लाडू लहान वळून संख्या दुप्पट केली होती. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "राधाबाईंचा बाबू दारात उभा राहून बघत असतो. त्याच्यादेखत आपल्या पोराने गिळायचं? मग ते अंगाला लागेल का?" प्राध्यापकांनी यावर काही सांगितलं नव्हतं.

मी लगेच सगळ्या बायकांच्या पाया पडलो, की एवढंच शेटसमोर येऊन बोला. एकही तयार होईना. देणाऱ्या म्हणतात, दिलेलं कोणी बोलून दाखवतं का? घेणाऱ्या म्हणतात, आमची पोरं शेजाऱ्यांच्या लाडवावर वाढली असं चारचौघांत सांगू? तेव्हा लाडवाने पोरं वाढली हे अख्ख्या चाळीला माहीत आहे आणि पुरावा म्हणाल तर शून्य. होळीनंतर ट्रस्टची बैठक आहे. तोवर लाडू चालू आहे, पुढचं देव जाणे.

असो. तुमचा फार वेळ घेतला. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, तांबूला ओंजळभर पेंड माझ्या नावाने.

तुमचा भाचा,
शाम

ता. क. अगदी सहज आठवलं म्हणून लिहितो. धाकट्या शेटनी थोरल्यांकडून एवढं कबूल करून घेतलं आहे, की ज्यांना लाडू खरोखरच मिळालेला नाही अशी मुलं दाखवलीत तर तुलना पुन्हा करू. वाट्या शेजारच्या चाळींतही पोचतात, तेव्हा अशी मुलं मुंबईत मिळणं कठीण दिसतं. तुम्ही हेडमास्तर होतात, शाळा अजून तुमच्या शब्दाबाहेर नाही. तेव्हा तुमच्या शाळेतली मुलं आत्ता एकदा आणि माघात एकदा तोलून आकडे पाठवावेत. (किलोत.) मामींना विनंती, की या दोन महिन्यांत मुलांना बोलावून काही खाऊ घालू नये. मला माहीत आहे त्यांना जड जाईल. एवढंच मागणं आहे, आणि मामा, सगळं आता त्यावर आहे.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी सौ.ने पत्र वाचलं. ती म्हणते, मुलं तोलायची हे मी तुम्हाला परवाच पुटपुटताना ऐकलं, म्हणून मामांच्या गावी जाणाऱ्या बोटीवरच्या दत्तारामकडे काल लाडवांचा एक डबा दिला आहे, आणि तो दर खेपेला एकेक नेणार आहे. लेकरांना नुसतं काट्यावर चढवायचं आणि हातावर काही ठेवायचं नाही, हे तिला जमणार नाही. मी पंधरा मिनिटं ओरडलो आणि मग पुन्हा पेन हातात घेतलं. मामा, वजनं करू नका, मुलांना लाडू वाटा. शेटना मी काय सांगायचं ते सांगतो. सांगेन, की आमच्या बायका या अख्ख्या द्विभाषिक राज्यात लाडू न मिळालेलं एक मूल शिल्लक ठेवायला तयार नाहीत. हा पुरावा चालत असेल तर माना, नाहीतर बांधा मनोरा. त्याच्या पायरीवर बसून त्या आहे त्यातला अर्धा अर्धा वाटतील.